आतून लावलेली कडी

दार वाजलं, तरी आनंदाबाई खाटेवरून उठली नाही.

पुन्हा वाजलं. दार म्हणजे बांबूंना ठोकलेली प्लायवुडची फळी. गावच्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, तलावाच्या पाळीवर मंच बांधला होता, त्याच्या मधोमध ती उभी होती. भिंत नव्हतीच, दाराच्या आतलं-बाहेरचं दोन्ही लोकांना दिसत होतं. बाहेर नाटकातला मुलगा होता, किराणा दुकानातला मुन्ना. आत दोन म्हाताऱ्या मैत्रिणी, आनंदाबाई आणि जमुनाबाई. नाटकात मुलांची घरं सोडून त्यांनी एकत्र संसार थाटला होता. तिसऱ्या हाकेला आनंदाबाईनं दार उघडायचं, रडत मुलाच्या गळ्यात पडायचं आणि त्याच्यासोबत निघून जायचं. मग पडदा. नाटक केवळराम गुरुजींनी लिहिलं होतं, आणि शेवट असाच ठरला होता.

तोवर लोक पोट धरून हसले होते. मिठावरून दोघींचं भांडण झालं, एकाच चष्म्यातून दोघींनी आळीपाळीनं पोथी वाचली. दुपार उतरली होती. ऊन पाण्यावरून तिरपं मंचावर येत होतं, आणि खळ्यांवरची धानाची धूळ त्यात तरंगत होती. आनंदाबाई खिडकीकडे पाहत बसली. खिडकी पडद्यावर रंगवलेली होती, तिच्यापलीकडचं मोहाचं झाडही रंगवलेलं. तरी तिथून वारा आल्यासारखा वाटला तिला. ही खाट आपली, ही शेगडी आपली, असं वाटलं.

मुन्नानं तिसरी हाक मारली. ती हलली नाही.

पडद्यामागून गुरुजी कुजबुजले, उघडा. मग जरा मोठ्यानं. मुन्नानं आपल्या मनाचं वाक्य जोडलं, बाहेर थंडी वाजून राहिली म्हणाला. लोकांना हाही नाटकाचाच भाग वाटला.

जमुनाबाईला मात्र वाटला नाही. ढिवरपुऱ्यातली जमुनाबाई तलावातले मासे विकायची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आनंदाबाईच्या शेतात चिखलात उभी राहायची. आनंदाबाईचा हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, मी उघडू का? आनंदाबाईनं नकारार्थी मान हलवली.

"मंग चहा मांडतो," जमुनाबाई म्हणाली, आणि विस्तव नसलेल्या शेगडीवर तिनं रिकामं भांडं ठेवलं.

आनंदाबाई दाराकडे वळली.

"मुन्ना, तू जा बापू. मी येत नाही. मले इथंच बरं वाटते."

ती हळू बोलली होती, पण डोक्यावर लटकवलेल्या माईकनं ते पार पलीकडच्या काठापर्यंत नेलं. मुलाच्या जागी मुन्नाचंच नाव घेतलं म्हणून लोक हसले. पहिल्या रांगेत बसलेला चंद्रकुमार हसला नाही. त्याची बायको मेघा हसता हसता थांबली आणि त्याच्याकडे पाहू लागली.

चंद्रकुमार आनंदाबाईचा खरा मुलगा. सकाळीच नागपूरहून गाडी घेऊन आला होता. उद्या आईला कायमचं तिकडे न्यायचं होतं. बोचकी बांधून झाली होती, गाय शेजारच्या भुपेंद्रच्या गोठ्यात गेली होती. आनंदाबाई नाही म्हणाली नव्हती. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं, तर नाही म्हणायचं कधी?

तो उठला. पायऱ्या चढून मंचावर आला. मुन्ना बाजूला झाला. दाराला वळसा घालून दोन पावलांत आईजवळ पोचता आलं असतं, पण तो दारासमोर थांबला. बोटांनी हळूच वाजवलं.

"आई, मी चंदू."

"मालूम आहे."

समोरच्या लोकांचं हसणं थांबलं होतं. कुणाचं तरी लेकरू तेवढं कुरकुरलं.

"उद्याचं जाणं राहू देऊ का?"

"तू विचारून राहिला, का सांगून राहिला?" आतून आवाज आला.

फळीवर हात टेकून तो उभा राहिला. उन्हानं दार केशरी झालं होतं, त्याचा हातही.

"विचारून राहिलो, आई."

आनंदाबाई उठली. तिनं कडी काढली.

"मंग ये आत," ती म्हणाली. "चहा होऊन राहिला."

तो चपला बाहेर काढून, वाकून आत आला आणि खाटेच्या कडेला बसला. आनंदाबाईनं त्याला सांगितलं, उन्हाळ्यात आंबे पिकले की मी येईन, महिनाभर राहीन, मेघाला लोणचं घालून देईन. मग इथं, गावात जमुनीजवळ परत येईन. गाय उद्याच सोडवून आण, म्हणाली. त्यानं होकार दिला. जमुनाबाईनं तिघांसाठी रिकाम्या भांड्यातून चहा ओतला.

गुरुजींच्या हातात पडद्याची दोरी तशीच राहिली. ऊन पाण्यात बुडत चाललं होतं. लोक जागचे हलले नाहीत. चंद्रकुमारनं कप दोन्ही हातांत धरला, त्यावर फुंकर घातली, आणि जपून पहिला घोट घेतला.