आठ हजार पावलं

रोज आठ हजार पावलं चालली, तर बाबांच्या विम्याचा हप्ता निम्मा होणार होता. पावलं मोजायला कंपनीने मनगटी घड्याळही पाठवलं. बाबा दोन दिवस चालले आणि तिसऱ्या दिवशी गुडघे धरून बसले.

युक्ती लेकीची. तिने ते घड्याळ मान हलवणाऱ्या जुन्या टेबलफॅनला बांधलं. फॅन इतका थडथडायचा, की घड्याळाला कुणीतरी झपाझप चालतंय असंच वाटायचं.

"कंपनीला काय, आकड्याशी मतलब," ती म्हणाली.

बाबा खूश झाले, पण हात आखडता तो आखडताच. आठ हजार भरले, की उठून आधी फॅन बंद करायचे. "आता एक पाऊलही जास्त नको. विजेचं बिल काय तुझा सासरा भरणार आहे?"

लेक सासरी परतली, बाबा घरी एकटेच राहिले. आकडा रोज परगावी राहणाऱ्या भावाच्या फोनवर यायचा आणि आठ हजारांवर थांबायचा. भाऊ तत्त्वाचा माणूस, म्हणून फॅनचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळपासून बाबा फोन उचलेनात. तिने भावाला फोन लावला.

"अगं, कसली काळजी करतेस?" आपल्या फोनवरचा आकडा बघून तो हसला. "म्हातारा ठणठणीत आहे. परवापासून एक लाखावर पावलं झालीत, आणि अजून चालतोच आहे."