केसभर फरक

अमेरिकेतल्या मोंटानात एल्क या थोराड हरणाच्या शिकारीचा हंगाम पाच आठवड्यांचा, आणि त्यातले चार आर्लनने गॅरेजात घालवले. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ताणली जाऊन लांब होते. दारू-गोळी घालून पुन्हा भरायची तर आधी कापून मापात आणावी लागते. ते कापायचं यंत्र हाताने फिरवायचं घ्यावं, ड्रिलला जोडायचं, की विजेच्या मोटारीचं, हेच त्याचं ठरेना.

"अगं, केसभर फरक पडला तरी नेम हुकतो," तो बायकोला, मार्वाला, रोज ऐकवायचा.

"आणि गॅरेजातून बाहेरच नाही पडलं तर किती हुकतो रे?"

शेवटी मोटारीचं आलं. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी आर्लन सकाळपासून पुंगळ्या कापत, मापत, पुन्हा कापत बसला. मार्वाने वडिलांची जुनी रायफल उचलली, दुकानातून काडतुसांचा डबा घेतला आणि भावाला सोबत घेऊन डोंगरात गेली. दुपारी परतली तेव्हा पिकअपमध्ये भलाथोरला एल्क आडवा होता. एकाच गोळीत पडलेला.

आर्लनने एल्ककडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या खिशातली रिकामी पुंगळी मागून घेतली, व्हर्नियर लावला आणि त्याचा चेहरा उजळला.

"बघ! सांगत होतो ना? केसभर लांब आहे. असल्या पुंगळीने नेम लागणं शक्यच नाही!"

 

मार्वा सुरीला धार लावत म्हणाली, "जा, त्यालाही समजावून सांग. पटलं तर उठून जाईल बिचारा."