आज्जाची पेज

मुलांनो, दहा वर्षांची ऋतिका डोळ्यांसमोर आणा. बेळगावातल्या दवाखान्याच्या जिन्यावर ती पेजेचा डबा घेऊन उभी आहे. आयसीयूत औषधानं झोपवून ठेवलेल्या आज्जाला नाकातल्या नळीतून पेज गेली, की मगच खाली बसलेली आज्जी भाकरीला हात लावते. नवऱ्याआधी जेवायचं नाही, ही तिची लग्नापासूनची रीत. आज्जाचं पोट वर आल्याचं कळताच काल ती हरखली होती, “हातमागावर बसून वाळलेलं मानूस, पेज अंगाला लागली बघ!” आज मात्र डॉक्टरांनी डबा परत केला. “झोपेच्या औषधानं त्यांची आतडीही झोपलीत, बाळ, म्हणून पोट फुगलंय. आता थेंबही घातला तर फुटायची भीती आहे.” खालून आज्जीनं विचारलं, “घेतली का गं त्येंनी पेज?” ऋतिका वळणावरच्या पायरीवर बसली, पेज शेवटच्या घोटापर्यंत स्वतःच प्याली आणि रिकामा डबा आज्जीपुढं धरून म्हणाली, “समदी घेतली. जेव आता.”