थोरलीचं दुखणं

“कुठल्या बाजूला दुखतं?” इस्त्रीवाल्या आक्कांनी डॉक्टरचा आवाज काढून विचारलं.

थोरली गडबडली. “उजव्या... नाही, मधोमध.”

“डाव्या,” धाकटी चादरीची घडी घालता घालता म्हणाली. “डावीकडे सुरू होतं आणि मांडीत उतरतं. ताई, असं अडखळलात तर डॉक्टर तुम्हाला दारातूनच वाटेला लावतील.”

हॉटेलच्या लाँड्रीत जेवणाची सुट्टी चालू होती. यंत्रं थंडावली होती, चादरींचे ढीग मात्र तसेच होते. थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या, एकाच जागी राबायच्या. भांड्याला भांडं लागायचंच, पण आवाज घराबाहेर जात नसे.

आजारपण हे थोरलीचं खातंच नव्हतं. त्यामुळे मागच्या महिन्यात ती स्वयंपाकघरात पोट धरून खाली बसली, तेव्हा सगळं घर हादरलं. धाकटीने तर त्या दिवसापासून तिला पाण्याची बादलीही उचलू दिली नव्हती.

“डॉक्टरकडे जाऊन काय दिवे लागणार आहेत?” आक्का डबा उघडत म्हणाल्या. “माझ्या भाचीला म्हणाला, लग्न झालं की बरं होईल. झालं लग्न. मग म्हणाला, मूल झालं की बरं होईल. तेही झालं. आता म्हणतो, मूल झाल्यावर असं व्हायचंच.”

धाकटी हसली. मग हसू आवरून म्हणाली, “मला तर विचारलंच नाही. मी खुर्चीत बसलेली, आणि डॉक्टर ह्यांना विचारतोय, घरात काही ताण आहे का? हे म्हणाले, जरा हळवी आहे. झालं. झोपेच्या गोळ्या दिल्या. पुन्हा त्या पायरीवर पाय ठेवीन तर शपथ.”

“आणि तुझं ते दुखणं?” आक्कांनी विचारलं.

“ते कधीच थांबलं. मला काय धाड भरलीय?” धाकटीने घडी घातलेला गठ्ठा पायाने भिंतीकडे सरकवला. “आता ताईंचं बघू. ताई, पुन्हा सांगा. पहिल्यापासून.”

थोरलीने पुन्हा सांगितलं आणि पुन्हा चुकली. धाकटी कपाळाला हात लावून बसली. “घरात अख्ख्या खानदानाला ऐकवता, आणि स्वतःचं सांगायची वेळ आली की दातखीळ बसते.”

“म्हणून तर तू बरोबर ये,” थोरली म्हणाली. “मला नाही जमायचं. तूच बोल.”

भीती तिच्या आवाजातच होती. तिची आई असंच अंगावर काढत गेली होती. शेजारपाजारच्या बायांना काय होतंय ते आई घडाघडा सांगायची, स्वतःचं विचारलं की म्हणायची, मला काही नाही. ते शेवटी कळलं तेव्हा डॉक्टरांनी नुसते हात जोडले. थोरलीला ते आठवलं की अजूनही घास उतरत नसे.

दवाखान्यात बायांची रीघ लागली होती. बाकावर जिच्या तिच्या तोंडी विषय एकच. कुणाला वजन कमी करायला सांगितलेलं, कुणाला सगळं मनाचे खेळ आहेत म्हणून परत पाठवलेलं. धाकटी सगळ्यांचं ऐकत होती आणि तिचा चेहरा कडक होत चालला होता.

आत डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, बोलणं तुटक. “काय होतंय? लवकर सांगा.”

थोरलीने धाकटीकडे पाहिलं.

धाकटीने पदर खोचला. “डॉक्टर, मी सांगते. पाळी आली की जायचं नाव घेत नाही. गेली म्हणावी तर मध्येच पुन्हा. गुठळ्या पडतात. झोपताना खाली टॉवेल घालावा लागतो. ओटीपोटात डावीकडून कळ येते, ती अशी येते की भिंत धरून उभं राहावं लागतं. कुणी बघितलं तर म्हणायचं, चप्पल अडकली.”

“वय बघता पाळी जायच्या आधी थोडंफार असं...”

“वयाचं म्हणू नका,” धाकटी म्हणाली. घरात जिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर येत नसे, ती आज डॉक्टरांच्या टेबलावर हात ठेवून बोलत होती. “आधी सगळं ऐका. जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी येते. कपड्यांना वास येतो, तो धुऊन जात नाही. आणि...” तिने मान खाली घातली. “आणि नवऱ्याजवळ गेलं की रक्त जातं. दर वेळी.”

थोरलीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आता त्यांना घाई उरली नव्हती. “हे किती दिवस चाललंय?”

“वर्ष उलटून गेलं,” धाकटी म्हणाली.

“आणि इतके दिवस घरात बसून राहिलात?” त्या थोरलीला म्हणाल्या. “अहो, हे अंगावर काढायचं दुखणं नाही. आजच तपासायला हवं, आतला छोटा तुकडाही काढून लॅबमध्ये पाठवायला हवा. वेळेत आलात तर पुढे पुष्कळ काही करता येतं. चला, आत टेबलावर झोपा.”

धाकटीचे डोळे भरून आले. “जा ताई,” ती म्हणाली. “मी इथेच आहे. घाबरू नका.”

थोरली उठली. तिने धाकटीचं मनगट घट्ट धरलं आणि तिला खुर्चीतून उभं केलं.

“मी ठणठणीत आहे, डॉक्टर. माझं दुखणं हे हिला इथवर आणायचं सोंग होतं,” ती म्हणाली. “हिला तपासा. आत्ता हिने सांगितलं ते सगळं हिचं स्वतःचं आहे.”