पाडव्यापासून

“ही बघा, आपल्या अभ्यासातली ठरलेली केस,” डॉक्टर दिग्विजय हाताखालच्या डॉक्टर सुमैराला म्हणाले. समोरच्या खुर्चीत शिवांजली बसली होती, पण ते बोलत होते तिच्या डोक्यावरून. “गर्भनिरोधक गोळ्या फुकट मिळतात, आशाताई दारात आणून देते. तरी बाई मधेच बंद करते. साधन पोचलं, अक्कल पोचली नाही.”

कराडच्या त्या मोठ्या रुग्णालयात हे संशोधन सुरू होतं. नकोसं गर्भारपण का येतं, गोळ्यांनी गर्भपात करायची सोय कितपत मिळते, कुटुंबनियोजनाची साधनं बायकांकडं का टिकत नाहीत. विषय चांगला होता. बाईला धड विचारायचं तेवढं राहून जात होतं.

“गोळ्या कधी घेत होता तुम्ही?” सुमैरानं विचारलं.

“ह्ये फौजेतनं सुट्टीवर आलं की घ्यायची. ह्ये गेलं की बंद.”

दिग्विजय हसले. “ऐकलंत? नवरा आला की सुरू, गेला की बंद. नळाची तोटी आहे का ती? गोळी रोज घ्यायची असते, बाई.”

“ठावं हाय मला.” शिवांजलीनं मान वर केली. “बारावी झालीया माजी. पाकिटावरचं वाचता येतंय.”

“मग?”

ती शेजारी बसलेल्या सासूकडं वळली. “आत्या, तुमीच सांगा की.”

अंजनाबाईंनी पदर सारखा केला. “म्याच चुलीत टाकल्या. ल्योक तिकडं बर्फात पहाऱ्याला, अन् ही हितं रोज गोळी खाती. कुणासाठी म्हणायचं? गावाच्या तोंडाला फडकं बांधायला जाऊ का मी?”

सुमैरानं हातातली प्रश्नावली चाळली. बाई विसरली, बाईला त्रास झाला, गोळ्या मिळाल्या नाहीत, एवढीच कारणं संशोधन करणाऱ्यांनी धरून ठेवली होती. गावाचं तोंड हे कारण कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. “निष्काळजीपणा म्हणा आणि पुढं चला,” दिग्विजय म्हणाले. ऐकणाऱ्याला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटेल इतक्या शांतपणे म्हणाले.

“दोन शिजर झाल्यात माजी,” शिवांजली म्हणाली. “तिसरं नको मला. गोळ्या द्या अन् मोकळं करा.”

सोनोग्राफी झाली होती, कागदावर तिची सही झाली होती. गोळ्यांनी काम होण्याची मुदत याच आठवड्यात संपत होती आणि ते तिलाही कळत होतं.

“देऊ की. नवऱ्याची फोनवर परवानगी घेऊ आणि देऊ,” दिग्विजय म्हणाले.

“सर, कायद्यानं तिची एकटीची संमती पुरते,” सुमैरा म्हणाली.

“कायदा मला शिकवू नका. उद्या तो फौजी माझ्या केबिनमध्ये येऊन उभा राहिला, की तुम्ही पुढं होणार आहात का?”

“मी सांगंन त्यांस्नी. माज्या तोंडानं, सवडीनं,” शिवांजली म्हणाली. “आत्ता नगा लावू फोन.”

तिचं कुणी ऐकलं नाही. अंजनाबाईंनी लेकाचा नंबर लावून दिला आणि दिग्विजयांनी स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवला.

विश्वजितचा आवाज तुटत तुटत आला. “जय हिंद, साहेब. काय झालं? आई बरी हाय न्हवं?”

“आई उत्तम आहे. तुमच्या मिसेसना दिवस गेलेत. पाडव्यापासून धरतोय आम्ही. त्यांना नकोय, तेव्हा तुमची काही हरकत नसेल तर...”

“पाडव्यापासनं?”

“हो.”

मग आवाज आला तो अगदी स्वच्छ आला. “पाडव्याला मी पोस्टवर हुतो, साहेब. मी आलो जत्रंला. पाडवा होऊन पंधरा दीस झालं हुतं तवा.” मग त्यानं विचारलं, “आई, आपल्याकडं कोण येत-जात हुतं गं?”

शिवांजली फोनकडं बघत राहिली. कुणी संशय घेऊ नये म्हणून चुलीत गेलेल्या गोळ्यांचाही काही उपयोग झाला नव्हता.

सुमैरा उठली आणि फोनवर जवळजवळ ओरडलीच. “त्यांची शेवटची पाळी पाडव्याला आली होती. डॉक्टर लोक दिवस पाळीपासून मोजतात, सगळ्याच बायकांचे. गर्भ राहतो तो नंतर पंधरवड्यानं, म्हणजे जत्रेतच!”

एवढं एक वाक्य दिग्विजयांना आधी बोलता आलं असतं. ते चष्मा पुसत बसले.

“आसं व्हय.” विश्वजितचा जीव भांड्यात पडल्याचं इकडं सगळ्यांना ऐकू आलं. “मग माजी काय हरकत न्हाई, साहेब. करून टाका.”

“चला, झालं काम,” दिग्विजय म्हणाले. “मिळाली परवानगी.”

शिवांजलीनं फोन उचलला.

“आवं, गणपतीला सुट्टी टाकलीया न्हवं तुमी?”

“व्हय. का गं?”

“रद्द करा.”

तिनं फोन बंद करून सासूच्या मांडीवर ठेवला आणि सुमैरापुढं हात पसरला. सुमैरानं दिग्विजयांकडं न बघता तिच्या हातावर गोळी ठेवली, पाण्याचा पेला पुढं केला.

फोन वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजायला लागला. अंजनाबाई त्याच्याकडं नुसत्या बघत होत्या.

“अहो, घ्या की,” दिग्विजय म्हणाले. “लेकाचा फोन आहे.”

सून पाणी पिऊन पेला खाली ठेवीपर्यंत अंजनाबाई थांबल्या.

“वाजू द्या,” त्या म्हणाल्या.