पृथ्वीवर परतायचंय

"हेमांगीताई, तुमचं हृदय पृथ्वीवर तग धरेल!" डॉक्टर म्हणाले. हेमांगी आनंदानं उसळली ती थेट छताला टेकली.

चंद्रावर राहून बहुतेकांची हृदयं दुबळी झाली होती. त्यांना परतायची परवानगी नव्हती. हेमांगी मात्र आयत्या गाडीत न बसता रोज सायकलनंच कामावर जायची.

बाहेर तिचा नवरा श्रीरंग उभा होता. "मी नापास झालो," तो म्हणाला. "तू जा. तिकडे पृथ्वीवर आई वाट बघतेय."

"हृदय मेहनतीनं सुधारतं. जाऊ तर दोघं!" तिनं त्याला सायकलवर बसवलं. "मार पायडल!"

सायकल डगमगली, सावरली आणि सुसाट सुटली. हेमांगी मागून धावत होती. घर आलं तरी घामाघूम श्रीरंग उतरेचना.

"पृथ्वी कुठल्या वाटेनं गं?" त्यानं धापा टाकत विचारलं.