किल्लीतला सेल

सुरीचं टोक फटीत घालून जरासं पिरगाळलं आणि गाडीच्या किल्लीची दोन शकलं अलगद सुटी झाली. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. "रविवारी मी बदलतो," असं नवरा म्हणाला होता. तो रविवार केव्हाच येऊन गेला होता, आणि गाडी अजूनही तीन-चारदा बटण दाबल्याशिवाय उघडत नव्हती.

आतला जुना सेल तिनं नखानं उपसून काढला. शर्टाच्या बटणाहून थोडासा मोठा, चपटा, चकचकीत. घरंगळू नये म्हणून टीपॉयवरच्या बशीत ठेवला. नवा सेल मात्र पाकिटातून निघेना. दात लावून पाहिले, तरी ढिम्म.

"अप्पा, ठमीकडे बघाल जरा? कात्री घेऊन येते."

"बघतोय कसला, ऐकतो," सासरे आरामखुर्चीतून म्हणाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यांत थेंब घातले की काळ्या चष्म्याआड सगळं धुकं. "आवाज बंद झाला की समजायचं, बाईसाहेबांचा काहीतरी उद्योग चाललाय."

कात्री जागेवर नव्हती. या घरात ती कधीच जागेवर नसते. शेवटी धुण्याच्या साबणामागे सापडली.

ती बाहेर आली तेव्हा ठमी टीपॉयला धरून उभी होती. तोंड चाललेलं. हनुवटीवरून लाळेचा धागा. बशी रिकामी.

"ठमे, आ कर. आ कर बघू."

ठमीनं ओठ घट्ट मिटले. तिनं बोट घातलं. खालचे दोन दात कचकन लागले, जीभ लागली, बाकी काही नाही. ठमीला हा खेळ आवडला. ती खुदकन हसली.

"काय झालं गं?" अप्पांनी विचारलं.

"इथला सेल कुठे गेला? टीपॉयवर होता."

"मला कुठलं दिसायला. खाली पडला असेल."

तिनं वर्तमानपत्र झटकलं, रिकामा ग्लास उचलून पाहिला, गालिचा उलटा केला. अप्पाही गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले.

"अप्पा, वाकू नका, डोळ्यासाठी सांगितलंय ना डॉक्टरांनी."

"डोळ्याचं राहू दे. तू आधी तिला इस्पितळात घेऊन जा. मी शोधतो इथं."

कात्रीनं पाकीट फाडलं. घाईत नवा सेल उलटाच बसला. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा उघडलं, पालथा केला, शकलं एकमेकांवर दाबली. खाली गाडीनं शीळ घातली.

वाटेत ठमी मागच्या सीटवर बडबडत होती, तोवर ठीक होतं. ती गप्प झाली की आईचं लक्ष रस्त्यावरून उडायचं.

"ठमे, बोल की गं. काऊ काय करतो?"

तिनं आरसा मागच्या सीटकडे वळवला.

"काऊ काय करतो, राणी?"

"का," ठमी म्हणाली, आणि आईच्या डोळ्यांसमोरचा सिग्नल पाण्यात विरघळला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ठमीच्या गालाला हात लावला, मग प्रश्न विचारले.

"गिळताना पाहिलंत?"

"नाही. बशीत ठेवला होता. आत गेले, आले, तर नव्हता. पण ही तर हसतेय, डॉक्टर. उलटी नाही, खोकला नाही."

"त्यावर जाऊ नका. सुरुवातीला काहीच कळत नाही. माणूस मजेत असतो, आणि सेल अन्ननळीत अडकला असेल तर दोन तासांत आतून जाळायला लागतो. लगेच आणलंत, हे बरं केलंत."

तिचा निरोप मिळताच नवऱ्याचा फोन आला. "तू तिला एकटीला…" वाक्य त्यानं अर्ध्यावरच सोडलं. मग म्हणाला, "निघालोय मी."

तिनं ते अर्धं वाक्य मनात पुरं केलं. पुन्हा पुन्हा केलं.

एक्स-रे काढणाऱ्यानं ठमीला चुटकी वाजवून दाखवली. "हलायचं नाही हं ताई. नाहीतर फोटोत नाक वाकडं येईल." ठमीनं त्याच्या मिशीकडे डोळे वटारून पाहिलं आणि खरंच हलली नाही.

डॉक्टरीणबाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या. घशापासून पोटापर्यंत बोट सावकाश फिरवलं. पुन्हा वर नेलं.

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हिनं सेल गिळलेला नाही. एवढी मोठी धातूची वस्तू लपत नाही." त्यांनी चिमट्यात धरलेला भिजका कागदाचा गोळा दाखवला. "हे गालात होतं. वर्तमानपत्र खाल्लंय बाईंनी. ज्ञान वाढेल."

ती हसली, आणि हसता हसता तिला रडूच कोसळलं. ठमीच्या मानेत तोंड खुपसून ती कितीतरी वेळ तो दुधाचा आंबूस वास घेत राहिली. ठमीनं तिचे केस मुठीत धरून ओढले. ओढू दे.

बाकावर बसून तिनं घरी फोन लावला. अप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"काय म्हणाले?"

"काही नाही, अप्पा. एक्स-रे एकदम स्वच्छ. ठमी ठणठणीत आहे."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "सुटलो. अगं, सबंध खोली चाचपली, काही सापडलं नाही. पण आता नाही सापडला तरी चालेल."

"उठा आता फरशीवरून. आणि हे बघा, त्या गडबडीत तुमची कॅल्शियमची गोळी काढून द्यायची राहिली. कपाटात डबी आहे, हाताला लागेल."

"राहिली कशी? घेतली की मी, तू कात्री शोधत होतीस तेव्हाच. रोजच्यासारखी बशीतच तर होती." अप्पा मजेत होते. "जरा गार लागली जिभेला, पण घोटभर पाण्याबरोबर गेली. कंपनी बदललीस का गं?"